मदत हवी आहे: सेसना १७२ विमानाचं ॲन्युअल (सक्तीची वार्षिक तपासणी), सीटखाली गंज सापडलाय

नमस्कार मंडळी. मी फ्लोरिडात राहतो, माझं १९७५ चं सेसना १७२ आहे. ॲन्युअलची मुदत या महिनाअखेरीस संपते. मेकॅनिकच्या देखरेखीखाली पॅनेल उघडणं, सीट काढणं मीच करतोय. सही अर्थात इन्स्पेक्शन ऑथरायझेशन (ॲन्युअल मंजूर करण्याचा अधिकार) असलेल्या त्या मेकॅनिकचीच.

काल मागच्या सीटखालचा गालिचा उचलला, तर ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी. नखाने खरवडली, खाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. समुद्राची खारी हवा, दुसरं काय. पुढच्या सीटच्या रुळांची भोकंही झिजून लांबट झालीत. रूळ मी बदलणारच. टेकऑफला सीट मागे सरकून अपघात झालेत, म्हणून तर उड्डाणाच्या दर १०० तासांनी किंवा १२ महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, रुळांची तपासणी सक्तीची आहे. तिथे काटकसर नको.

प्रश्न गंजाचा. मेकॅनिक म्हणतात, पत्र्याचा तेवढा भाग कापून नवा रिव्हेट करू. खड्डे घासून, उरलेली जाडी मोजून, प्रायमर मारून भागतं का? कुणी केलंय? आणि या मेकॅनिककडून त्रुटींची यादी घेऊन दुरुस्ती दुसऱ्या मेकॅनिककडे केली, तर पूर्ण ॲन्युअल पुन्हा करावं लागत नाही ना? लेकीला शेजारी बसवून उडतो, त्यामुळे मुदत टळली तरी चालेल, पण काम पक्कं हवं.