मदत हवी आहे: बर्फातली टोयोटा जीटी८६ – आधी टायर, स्प्रिंग की ट्रेनिंग?

नमस्कार मंडळी,

जाणकारांचा सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय, कारण नोव्हेंबर तोंडावर आलाय.

मी जर्मनीत केम्प्टनला राहते, बव्हेरियाच्या अगदी दक्षिणेला, आल्प्सच्या पायथ्याशी. या वर्षी सेकंडहँड टोयोटा जीटी८६ घेतली. दोन लिटरचं बॉक्सर इंजिन, २०० पीएस, मॅन्युअल गिअर, आणि ताकद फक्त मागच्या चाकांना. घरात ही एकच गाडी. रोज झोन्थोफेनला कामाला जाते. बी १९ हा मोठा रस्ता पहाटेच बर्फ ढकलून, मीठ टाकून मोकळा केलेला असतो, त्याची फारशी काळजी नाही. काळजी आहे ती घराकडच्या शेवटच्या चढाची. तिथे दिवसभर सावली हटत नाही, आणि शेतांतून वितळून आलेलं पाणी रात्री रस्त्यावरच गोठतं.

ऑफिसमधले सगळे एकच सांगतात: एप्रिल ते ऑक्टोबरची सीझनल नंबरप्लेट घे, गाडी हिवाळाभर गॅरेजमध्ये ठेव आणि बर्फासाठी एखादी जुनी फ्रंट व्हील ड्राइव्ह घे. इथे असं करणारे खूप आहेत. मला ते करायचं नाहीये. दुसरी गाडी म्हणजे दुसरा विमा, दुसरा कर, दुसरं पार्किंग, हे तर आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ही गाडी साडेबाराशे किलोच्या आसपासची, हलकी आहे, आणि चाकाखाली काय चाललंय ते स्टेअरिंगमधून, सीटमधून लगेच कळवते. निसरड्या रस्त्यावर नीट गाडी चालवायला शिकायचं तर हिच्यावरच, असं मला मनापासून वाटतं. त्यामुळे ‘ही विका आणि फोर व्हील ड्राइव्ह घ्या’ हा सल्ला कृपया नको. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी जागेवरून पटकन निघते, हे खरं. थांबायला आणि वळायला मात्र तिलाही चारच टायर असतात.

आता गाडीची अवस्था सांगते. आधीच्या मालकाने गाडी ३० मिलिमीटर खाली आणणारे स्प्रिंग, मागे जाड अँटीरोल बार (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारी दांडी) आणि १८ इंची रिमवर २२५/४० चे (२२५ मिलिमीटर रुंद, उंची रुंदीच्या ४० टक्के) समर टायर बसवलेत. सगळं तपासून कागदावर चढवलेलं आहे, कायद्याची अडचण नाही. कंपनीतून ही गाडी १७ इंची रिमवर २१५/४५ टायर घेऊन आली होती. ते टायर टोयोटाने मुद्दामच कमी पकडीचे निवडले होते, कमी वेगातही मागची बाजू खेळवता यावी म्हणून. कोरड्या रस्त्यावर मजा देणारा हाच स्वभाव जानेवारीत काय करेल, याचा विचार चाललाय.

सध्याच्या पावसात राउंडअबाउटमधून बाहेर पडताना दुसऱ्या गिअरमध्ये हलकीशी रेस दिली तरी मागची बाजू बाहेर सरकते. व्हीएससीचा, म्हणजे घसरण रोखणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लुकलुकतो आणि इंजिन दबतं. सकाळी पाच-सहा अंश तापमान असतं. समर टायरचं रबर साधारण सात अंशांखाली कडक होत जातं, म्हणजे एक कारण उघड आहे. दुसरं मला मागच्या बारमध्ये दिसतं. मागचा बार जाड असला की वळणावर मागच्या बाहेरच्या चाकावर जास्त भार येतो, आतलं चाक हलकं होतं आणि एकूण मागची पकड घटते. ट्रॅकवर नाक सरळ पळायची सवय मोडायला लोक हे करतात. मला नेमकं उलटं हवंय.

विंटर टायर घ्यायचेच आहेत, तो प्रश्न नाही. जर्मनीत तारखेचं बंधन नसलं तरी बर्फ, काळा बर्फ (डांबरावरचा न दिसणारा पातळ गोठलेला थर) किंवा गोठलेलं दहिवर असलेल्या रस्त्यावर ते सक्तीचे आहेत. टायरवर डोंगर आणि हिमकण असलेलं चिन्ह लागतं. नुसते एम+एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेले जुने टायर ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाहीत. पकडलं तर ६० युरो दंड आणि लायसन्सच्या नोंदीत एक पॉइंट. मला कळत नाहीये ते माप. १७ इंचीच ठेवू, की १६ इंची रिम शोधून २०५/५५ घेऊ? बाहेरचा व्यास माझ्या हिशोबाने ६२५ वरून ६३२ मिलिमीटर होतो, म्हणजे एक टक्क्याचा फरक. अरुंद आणि उंच टायर बर्फात बरा, हे ऐकून आहे, पण या गाडीत तो फरक जाणवतो का?

दुसरं म्हणजे स्प्रिंग. खाली आणलेली गाडी बर्फ पोटाने ढकलते हे दिसतंच आहे. पण पकडीसाठी मूळ स्प्रिंग परत घालावेत एवढा फायदा आहे का? बजेट साधारण १२०० युरो आहे. त्यात टायर-रिम, स्प्रिंग आणि एक दिवसाचं घसरगुंडीवरचं ट्रेनिंग, तिन्ही बसत नाही. कशाला आधी पैसे लावू?

आणि शेवटचं, टोर्सन डिफरन्शियल (एक चाक घसरलं तर जास्त ताकद दुसऱ्याला देणारी गिअरची जोडणी) असलेली मागचाकी गाडी ज्यांनी रोजच्या बर्फात चालवली आहे, त्यांनी चढाचं तंत्र सविस्तर लिहावं. मी गाडी शिकले ती कोल्हापुरात, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅचबॅकवर. आंबा घाटातल्या पावसाची सवय आहे, पण तिथे पाय उचलला की गाडी सावरायची. इथे तोच पाय घात करेल अशी भीती वाटते.

प्रतिसाद (स्वीडनहून)

ताई, आधी टायर, मग ट्रेनिंग, मग बार. स्प्रिंग सगळ्यात शेवटी. मी इथे बरेच हिवाळे माझदा एमएक्स-५ चालवतोय, तीही मागचाकी, म्हणून लिहितो.

टायर घेताना एक गोष्ट बघा. विंटर टायर दोन जातीचे असतात. आमच्याकडचे नॉर्डिक टायर अतिमऊ रबराचे, बारीक चिरांनी भरलेले, गोठलेल्या बर्फावर उत्तम. पण ओल्या डांबरावर तेच टायर लवलवतात आणि थांबायला वेळ घेतात. तुमच्याकडे मीठ टाकलेले ओले रस्ते जास्त, त्यामुळे मध्य युरोपसाठी बनवलेले विंटर टायरच घ्या. खिळ्यांचे टायर जर्मनीत चालत नाहीत. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत कायद्याने चालते, पण बर्फासाठी चारच्या खाली जाऊ देऊ नका. सीमा ओलांडून ऑस्ट्रियात जात असाल तर हिवाळ्यात चार हीच कायद्याची मर्यादा आहे. हवा थंड टायरमध्ये तपासा. तापमान दहा अंश उतरलं की टायरमधला दाब साधारण ०.१ बारने कमी होतो.

तुमची पायाबद्दलची भीती अगदी रास्त आहे. मागचाकी गाडीत रेस पटकन सोडली की इंजिनचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. वर वजन पुढे झुकतं, म्हणजे मागची चाकं एकाच वेळी हलकी होतात आणि ओढलीही जातात. खालचा गिअर घालून क्लच झटक्यात सोडणं तर त्याहून वाईट. उतारावर गिअर उतरवायचा असेल तर वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, मध्ये रेसचा हलका ठोका देऊन इंजिनचे आरपीएम जुळवून मगच क्लच सोडा. तरीही मागची बाजू निघालीच तर क्लच पूर्ण दाबा, नजर जायचंय तिकडे ठेवा आणि स्टेअरिंग त्या दिशेला फिरवा. क्लच दाबला की चाकं मोकळी फिरायला लागतात आणि त्यांना बाजूची पकड परत मिळते. इथे बहुतेक जण ब्रेककडे धावतात.

टोर्सनबद्दल. दोन्ही चाकांना थोडी तरी पकड असेल तर तो सोनं आहे. तो घसरणाऱ्या चाकाच्या पकडीच्या काही पट ताकद दुसऱ्याला देतो, पण एक चाक पूर्ण काळ्या बर्फावर गेलं की ती पकडच जवळपास शून्य, आणि शून्याची कितीही पट शून्यच. अशा वेळी हँडब्रेक एक-दोन खटके ओढून पाहा. फिरणाऱ्या चाकाला थोडा विरोध मिळाला की ताकद दुसऱ्या चाकाकडे जाते. आणि उलट बाजू लक्षात ठेवा: दोन्ही मागची चाकं एकत्र फिरायला लागली तर बाजूची पकड दोन्हींची जाते आणि रस्त्याचा उतार असेल तिकडे शेपूट सरकते. म्हणून चढावर चाक फिरू न देणं हेच तंत्र. चढाच्या आधी सपाटीवर वेग घ्या, दुसरा गिअर, आणि वर पोचेपर्यंत रेस एकसारखी. मध्ये थांबू नका. पुढच्या गाडीला आधी वर जाऊ द्या.

प्रतिसाद (श्टुटगार्टहून)

मापाबद्दल. गाडीबरोबरचा सीओसी कागद (गाडीच्या मान्य तपशिलांचं कंपनीचं प्रमाणपत्र) काढा. त्यावर लिहिलेली मापं बिनदिक्कत बसवता येतात. त्याबाहेरचं काही घ्याल तर रिमच्या मान्यतापत्रात तुमच्या गाडीचं मॉडेल आहे का बघा आणि लागल्यास टीयूव्ही किंवा डेक्रा या वाहन तपासणाऱ्या संस्थांकडे तपासणी करून घ्या. १६ इंची रिम तुमच्या ब्रेकच्या कॅलिपरवरून मोकळी फिरते का, तेही तिथेच कळेल. माझं मत विचाराल तर कंपनीच्याच १७ इंची जुन्या रिम, पाच बोल्ट आणि १०० मिलिमीटर वर्तुळाच्या, सेकंडहँड सहज मिळतात. त्यावर २१५/४५ विंटर टायर घालून मोकळ्या व्हा. २२५/४० वरून तेवढं अरुंद होणंही पुरेसं आहे. वाचलेले पैसे ट्रेनिंगला लावा. एडीएसी या जर्मन वाहनचालक संघटनेच्या केंद्रांवर पाणी सोडलेली घसरडी जमीन आणि गाडीचं मागचं चाक मुद्दाम झटका देऊन सोडवणारी प्लेट असते. स्वतःच्या गाडीत बसून ते करता येतं.

टायरवर चढवायच्या बर्फाच्या साखळ्या घ्यायच्या असतील तर मागच्या चाकांना, आणि मॅन्युअलमध्ये बघून. स्प्रिंग खाली असताना चाकाच्या आतल्या बाजूला जागा उरते का ते घरीच घालून पाहा. साखळी लावल्यावर वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटरची आहे. निळ्या पाटीवर साखळीचं चाक दिसलं की ती सक्तीची होते. तुमच्या भागातल्या रीडबर्गपाससारख्या १६ टक्के चढाच्या घाटाला बर्फ पडत असताना मी जाणार नाही, साखळी असली तरी.

डिकीत वाळूच्या गोण्या ठेवायचा सल्ला कुणी देईल. चढायला मदत होते, पण तेच वजन वळणावर शेपटाला आणखी ओढतं. मी ठेवत नाही.

प्रतिसाद (रत्नागिरीहून)

बर्फाचा अनुभव नाही, पण थांबण्याच्या अंतराचा हिशोब सगळीकडे सारखाच. ताशी ५० किलोमीटरवरून कोरड्या डांबरावर पकडीचा गुणांक ०.८ धरला तर नुसत्या ब्रेकला १२ मीटर लागतात. दाबलेल्या बर्फावर तो ०.२ च्या आसपास, म्हणजे जवळपास ५० मीटर. काळ्या बर्फावर ०.१ धरा, शंभर मीटर. वेग ३० वर आणला तर ते शंभराचे ३५ होतात. कुठलाही स्प्रिंग एवढं देणार नाही.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. हँडब्रेकची आणि क्लचची गोष्ट इथे एवढ्या नेमकेपणाने कुणीच सांगितली नव्हती.

ठरवलंय ते असं: कंपनीच्या १७ इंची रिम आणि मध्य युरोपचे विंटर टायर याच आठवड्यात. मागचा जाड बार काढून मूळचा घालणार, तो आधीच्या मालकाकडे पडून आहे. हे काम स्वस्तही आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस ट्रेनिंगचा दिवस बुक करते. स्प्रिंग या हिवाळ्यात राहू देते. पण खाली आणलेल्या गाडीत चाकं वरच्या बाजूने आत झुकलेली असतात, आणि निसरड्यावर गाडी फारशी कलत नसल्याने टायर पूर्ण टेकत नाही, असं वाचलंय. म्हणून अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, मात्र करून घेणार.

त्याबद्दलच शेवटचा प्रश्न. ज्यांनी जीटी८६ किंवा तिची जुळी सुबारू बीआरझेडचं हिवाळ्यासाठी वेगळं अलाइनमेंट केलंय, त्यांनी मागचा टो-इन (चाकांची पुढची कड किती आत वळलेली) आणि पुढचा-मागचा कॅम्बर (चाक वरून आत किंवा बाहेर किती झुकलेलं) किती ठेवला ते सांगाल का? मला सरळ रस्त्यावर मागची बाजू शांत हवी आहे, टायर थोडे जास्त झिजले तरी चालतील. आणि केम्प्टन किंवा मेमिंगेनजवळ असं काम समजून करणारं गॅरेज कुणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.