जुन्या यामाहा आरएक्सला कोन फिल्टर लावण्याआधी आपल्या गावचा रस्ता पाहा

वणीकर
काल एका भाऊनं इथं छातीठोक लिहिलं: "आरएक्स १००चा एअरबॉक्स काढून फेका, कोन फिल्टर लावा, मेन जेट दोन नंबरनं वाढवा, गाडी नवी होते." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. डोकं फिरलं, म्हणून लांबलचक लिहून राहिलो. नव्यांसाठी: एअरबॉक्स म्हणजे एअर फिल्टरचा बंद डबा, कोन म्हणजे डब्याविना कार्बोरेटरला लावायचा उघडा फिल्टर, जेट म्हणजे कार्बोरेटरातलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक; नंबर वाढला की पेट्रोल वाढते.

आमच्या वणी-घुग्घुस रोडवर कोळशाचे ट्रक चालतात. गावात शिरलं की काळ्या मातीचा धुरळा. दिवाळीनंतर जिनिंगसमोरून गेलं तर रुई तोंडात जाते. एवढ्यात एअरबॉक्स काढणं म्हणजे नाकातले केस उपटून थ्रेशरपाशी उभं राहणं. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोकमध्ये हवा आधी क्रँककेसात, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत जाते, म्हणजे धूळ बेअरिंगवरून फिरून मगच पिस्टनकडे येते. पिस्टनच्या रिंगा घासल्या, कॉम्प्रेशन (दाब) गेलं की हेच लोक म्हणणार, जेट कमी पडते!

दुसरं, मेन जेटचं काम पाऊण थ्रॉटलच्या वर. पाव ते पाऊण नीडल, म्हणजे कार्बोरेटरातली सुई सांभाळते, त्याखाली पायलट, म्हणजे छोटा जेट. आपल्या रस्त्यावर पाऊण थ्रॉटल उघडते कोण? गाडी मधातच अडखळत असेल तर नीडलची क्लिप एक खाच खाली घ्या, नीडल वर येईल, पेट्रोल वाढेल. फुकट काम आहे.

कोनवाला
तो भाऊ मीच. पुस्तकी बोलू नका राजेहो. तुमचा तो डब्यातला ओरिजिनल फोम आज मिळते कोठी? जुना हात लावला की चुरा होते. डुप्लिकेट आणला तर डब्यात नीट बसत नाई, बाजूनं फट राहते, अन् धूळ त्या फटीतून बिनधास्त आत जाते. त्याच्यापेक्षा चांगला कोन धुऊन, तेल लावून वापरला तर काय बिघडलं? माह्या गाडीचा प्लग पाहा, चॉकलेटी आहे, म्हणजे मिश्रण बरोबर. पांढरा नाई, काळा नाई.

वणीकर
घरापर्यंत हळूहळू येऊन काढलेला प्लग पायलट अन् नीडलचा रंग सांगते, मेन जेटचा नाही. फुल थ्रॉटलवर पळवा, तिथंच किल मारून (इंजिन बंद करून) क्लच दाबा, मग प्लग काढा. आधी हे करा, मग चॉकलेट वाटा.

पुणे तीस
दोघेही एक गोष्ट विसरताय. "दोन नंबर वाढवा" म्हणजे कोणत्या कंपनीचे नंबर? मिकुनीचा षटकोनी जेट प्रवाहावर मोजतात, केहिनचा भोकाच्या व्यासावर. सारखा आकडा म्हणजे सारखा जेट नव्हे. शिवाय १५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांना हवा साधारण ९-१० टक्के विरळ असते, पेट्रोल मात्र त्या प्रमाणात कमी येत नाही. म्हणून उन्हाळ्यात गाडी रिच (पेट्रोल जास्त) चालते. मे महिन्यात सेट केलेली गाडी डिसेंबरात लीन (पेट्रोल कमी) होणार.

कोनवाला
घ्या! आता सदाशिव पेठेतून चंद्रपूरचा उन्हाळा शिकवतात. साहेब, इथं ४७ होते तवा हँडलले हात लावून दाखवा पयले.

पुणे तीस
हँडल गरम झालं म्हणून हवेचे नियम बदलत नाहीत.

पुसदचे मास्तर
तुम्ही फिल्टरवरून भांडताय, टाकीत काय आहे ते कोणी पाहत नाही. २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण ७-८ टक्के लीन होतं. डिसेंबरची थंडी आणि हे पेट्रोल एकत्र आलं की टू-स्ट्रोकचा पिस्टन जाम होण्याची सोयच. त्यात हे पाणी ओढतं. पावसाळ्यात माझी गाडी वापराविना उभी राहिली, तर कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठतं त्या फ्लोटच्या वाटीत खाली वेगळा थर आणि वर गंज. मिस्तरीनं काय केलं? जेटमध्ये तार खुपसली! भोक मोठं झालं, तेव्हापासून आकड्याला काही अर्थच उरला नाही.

कपाशीवाला
मास्तर, दुखत्या ठिकाणी हात ठेवला तुमी. इथेनॉल कोणाच्या उसाचं? पश्चिमेकडच्या कारखान्यांचं. गाडी आमची सडते, पैसा तिकडं. आमच्या कापसाले भाव मागितला की सारे मुके. वीस टक्क्यांसाठी आधी २०३० म्हणत होते, मग २०२५ वर ओढलं, एवढी घाई कापूस खरेदीत कधी दिसली काय?

पुणे तीस
फक्त उसाचं नाही, मका आणि तांदळापासूनही होतं. डिसेंबर २०२३ मध्ये तर सरकारनं उसाच्या रसावर बंधनं आणली होती. आणि इथेनॉलचे सर्वात मोठे पुरस्कर्ते गडकरी, ते तुमच्या नागपूरचेच!

कपाशीवाला
नागपूर म्हणजे आमचं गाव नोय ना भौ. तुमाले विदर्भ म्हटलं की संत्री अन् नागपूर, बस. मका लावून पाहिला, रानडुकरं खाऊन गेले. त्याचं इथेनॉल कोण करते?

वणीकर
अरे, धागा कार्बोरेटरचा आहे! विदर्भाच्या अनुशेषाचा वेगळा काढा.

कपाशीवाला
तुमच्या कार्बोरेटरात जे जाते तेच बोलून राहिलो. चालू द्या तुमचं फिल्टर-फिल्टर.

कोनवाला
मास्तरचं खरं असेल तर जेट वाढवा हे मी बरोबरच सांगतलं, नाई का?

वणीकर
एक नंबर. दोन नाही. अन् फिल्टरमुळे नाही, पेट्रोलमुळे. चुकीच्या कारणानं बरोबर उत्तर आलं, अभिनंदन. तेही थंडीपुरतं, उन्हाळ्यात परत जुना घाला. जेट नवा घ्या, तार घातलेला नको. फोमचं म्हणाल तर डब्याच्या मापानं शीट कापून घ्या, फिल्टरचं तेल चोळून पिळा, कडेला ग्रीस लावा. फट बंद होते.

कोनवाला
ग्रीसचं पटलं. पाहतो. पण आवाज कोनचाच भारी येते, हे तुमी मरेपर्यंत कबूल करणार नाई.

वणीकर
आवाज भारी येते. रिंगा घासल्याचाही भारी येते.

नवीन सभासद
हे सारं स्प्लेंडरले पण लागू होते का?

पुसदचे मास्तर
गाडीचं साल आणि प्लगचा रंग सांगा. आणि कृपया वेगळ्या धाग्यात.