टीएचटीचा सिग्नल उतरला म्हणजे अल्फा-सिन्युक्लिनचे तंतू विरघळले का?

घडी_१४०
अल्फा-सिन्युक्लिन (पार्किन्सन्समध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) याच्या तयार फायब्रिल्सवर, म्हणजे तंतूंवर, करक्युमिन (हळदीतला पिवळा घटक) तपासतोय. मोनोमर (सुटं प्रथिन) ७० मायक्रोमोलर (साधारण १ मिग्रॅ/मिली), पीबीएस पीएच ७.४, ३७ अंश, १००० आरपीएम, ७ दिवस. मग ५ मायक्रोमोलरपर्यंत विरळ करून २० मायक्रोमोलर करक्युमिन, २४ तास. शेवटी २० मायक्रोमोलर थायोफ्लेविन-टी (टीएचटी, तंतूंना चिकटल्यावर चमकणारा रंग) घालून ४४०/४८५ नॅनोमीटरला वाचन. नुसतं डीएमएसओ (करक्युमिनचं द्रावक) घातलेल्या वेल्सपेक्षा (प्लेटच्या खाचांपेक्षा) सिग्नल ८० टक्के कमी, तिन्ही वेळा. 'करक्युमिनने तंतू विरघळवले' असं प्रबंधात लिहिता येईल का? अल्ट्रासेंट्रिफ्यूज आठवड्यातून एकच दिवस मिळतं, त्यामुळे आधी काय करू तेही सांगा.

पिवळी_वेल
एवढ्यावर नाही लिहिता येणार. तिन्ही वेळा तेच आलं, कारण तिन्ही वेळा चूक तीच आहे.

करक्युमिन ४२५-४३० नॅनोमीटरच्या आसपास सर्वात जास्त प्रकाश शोषतं आणि तुम्ही टीएचटीला उजेड देताय ४४० ला. म्हणजे टीएचटीपर्यंत पोचायचा प्रकाश वाटेतच खाल्ला जातो. शिवाय करक्युमिन स्वतः अमायलॉइडला (अशा तंतूंना) चिकटतं, टीएचटीची जागा अडवतं, आणि चिकटल्यावर ५०० च्या पुढे स्वतः चमकतंही. तंतू जसाच्या तसा असला तरी आकडा पडणारच.

सेंट्रिफ्यूजची वाट न बघता उद्याच करा: तयार फायब्रिल्स आणि टीएचटी एकत्र असलेल्या वेलमध्ये करक्युमिन घाला आणि दोन मिनिटांच्या आत वाचा. सिग्नल तेव्हाच ७०-८० टक्के पडला, तर तुमचा जवळजवळ सगळा 'परिणाम' प्रकाशाचा किंवा जागा अडवल्याचा आहे. बीटा-पत्र्यांची इतकी घट्ट रचना दोन मिनिटांत सुटत नाही. सोबत दोन कंट्रोल ठेवा: टीएचटीविना फायब्रिल + करक्युमिन, आणि मोनोमर + टीएचटी + करक्युमिन.

दुसरी गोष्ट लोक विसरतात. सीरम नसलेल्या फॉस्फेट बफरमध्ये, पीएच ७.२ आणि ३७ अंशांना, करक्युमिनचा ९० टक्के भाग अर्ध्या तासात विघटित होतो. २४ तासांनी जे वेलमध्ये आहे त्याला करक्युमिन म्हणणंच धाडसाचं आहे. वेळ शून्य आणि २४ तास, दोन्हीचा ३५०-६०० नॅनोमीटरचा स्पेक्ट्रम घ्या; पिवळेपणा किती उरला ते लगेच दिसेल.

पेलेट_आणि_पाणी
वरचं सगळं बरोबर. सेंट्रिफ्यूज मिळेल त्या दिवसासाठी:

१,००,००० जी, १ तास, २० अंश. पेलेट (तळाशी बसलेला गोळा) मूळ आकारमानाएवढ्या बफरमध्ये घ्या, पेलेट आणि वरचं द्रव असे दोन्ही भाग एसडीएस (डिटर्जंट) घालून ९५ अंशांना १० मिनिटं उकळा, १५ टक्के जेलवर सारखं आकारमान लोड करा. प्रमाण बीसीएने (तांब्याच्या क्षपणावर चालणारी प्रथिनमोजणी) मोजू नका. करक्युमिनसारखी पॉलिफिनॉल्स तांबं क्षपित करतात आणि प्रथिन जास्त दिसतं.

साधं २०,००० जी चालवून घेऊ नका. त्यात तुटलेले छोटे तुकडे वरच राहतात आणि तुम्ही त्यांना 'विरघळलेलं प्रथिन' समजता. सगळ्यात फसवणूक करणारी चूक हीच.

उपचार न केलेल्या नमुन्याचा वरचा भागही जेलवर हवा. सात दिवसांनीही थोडं मोनोमर उरतंच. ते किती, हे आधी माहीत नसेल तर तुलना कशाशी करणार? पेलेट आणि वरचं मिळून बेरीज मूळ प्रथिनाएवढी येते का तेही पाहा. कमी आली तर ते नळीच्या भिंतीला चिकटलंय. लो-बाइंड नळ्या वापरा. जेलच्या वरच्या टोकाला, नमुना भरायच्या खाचेत, डाग दिसला तर तंतू सुटण्याऐवजी एकमेकांना जोडले गेलेत.

टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) करणार असाल तर ग्रिडवर ५ मायक्रोलिटर, एक मिनिट, मग पाण्याने दोनदा धुऊनच २ टक्के युरेनिल ॲसिटेट. पीबीएस तसंच राहिलं तर युरेनिल फॉस्फेटचा गाळ बसतो आणि चित्रात काळे ठिपके तेवढे दिसतात.

घडी_१४०
दोन मिनिटांची चाचणी लावली. सिग्नल लगेच ७४ टक्के पडला. म्हणजे बहुतेक घट घालताक्षणीचीच. पण समजा दुसऱ्या एखाद्या रेणूने पेलेट खरंच कमी झालं, तर तंतूंची 'सफाई' म्हणता येईल?

विरजण
तेव्हाही नाही. कवडीचं दही घुसळून पातळ केलं म्हणून त्याची विरजण लावायची ताकद जात नाही. उलट थेंब थेंब सगळीकडे पसरतं. तंतूचंही तसंच: नवं प्रथिन टोकाला जुळतं, आणि एका लांब तंतूचे दहा तुकडे झाले की दोनाची वीस टोकं होतात. पेशींमध्ये टाकण्यासाठी लोक फायब्रिल्स मुद्दाम सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी तोडून) ५० नॅनोमीटरच्या आसपास आणतात ते याचसाठी.

म्हणून बीज-ताकद, म्हणजे नवे तंतू सुरू करण्याची क्षमता, मोजा. उपचार केलेला नमुना १०⁻³ पासून १०⁻⁸ पर्यंत दहापट विरळ करत जा. १०⁻³ लाच करक्युमिन २० नॅनोमोलर उरतं, त्यामुळे वरची प्रकाशाची अडचणही जवळजवळ संपते. मेंदूपाण्याच्या (सीएसएफ) नमुन्यांसाठी वापरतात ती आरटी-क्विकची मांडणी (बीज मोनोमरमध्ये वाढवून टीएचटीने पाहायची चाचणी) चालेल: ४० मिलिमोलर फॉस्फेट पीएच ८.०, १७० मिलिमोलर मीठ, ०.१ मिग्रॅ/मिली मोनोमर, १० मायक्रोमोलर टीएचटी, वेलमध्ये ०.८ मिमीचे ६ सिलिका मणी, ४२ अंश, ४०० आरपीएमला एक मिनिट हलवणं आणि एक मिनिट विश्रांती, दर ४५ मिनिटांनी वाचन, ४८ तास. प्रत्येक पायरीला ४ वेल. मोनोमर त्याच दिवशी १०० किलोडाल्टनच्या गाळणीतून गाळा. बीज न घातलेली वेल ४८ तासांत वर चढली तर ती प्लेट बाद.

चढण्याआधीचा काळ लांबला आणि शेवटची चढणारी पायरी अलीकडे आली, तर बीजं खरंच घटली. उलट झालं तर तुमचा रेणू तंतू तोडतोय आणि रोगाच्या दृष्टीने ते धोक्याचं आहे.

पेशींमध्ये जाल तेव्हा रेणू फायब्रिल्ससोबत देऊ नका. आधी फायब्रिल्स, २४ तासांनी धुणं, मग रेणू. नाहीतर सेरिन-१२९ फॉस्फोरिलेशन (पेशीत साचलेल्या अल्फा-सिन्युक्लिनची खूण) कमी दिसेल ते आत शिरण्यालाच अडथळा आल्यामुळे. पेशी मेल्या तरी ते कमीच दिसतं, म्हणून केंद्रकांची मोजणी सोबत लागते.

पेलेट_आणि_पाणी
सोनिकेशन बंद नळीतच, आणि नंतर लगेच झाकण उघडू नका, थेंब हवेत उडतात. ओटा, पिपेट, रोटर १ टक्का एसडीएसने धुवा. नुसतं ब्लीच पृष्ठभागावरून हे तंतू नीट सोडवत नाही, आणि मागच्या आठवड्याचं बीज पुढच्या प्लेटच्या कंट्रोल वेलमध्ये उगवतं.