नर्सिंगआधीचे सायन्सचे विषय: एका वर्षात उरकावेत की एकेक करत जावं?

केळफूल

मंडळी, वय ३९. पुण्यातून २००७ ला केमिस्ट्रीत बीएस्सी, मग औषध कंपनीत क्यूसी, मग लग्न, नवऱ्यामागे एच-फोर व्हिसावर अमेरिका, दोन मुलं. नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा अर्ज) मंजूर झालं, माझं ईएडी (नोकरीचा परवाना) हातात आलं आणि आता कॅलिफोर्नियात बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजातून आरएन (नोंदणीकृत नर्स) करायचं ठरवलंय.

ज्यांना इथली पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी: नर्सिंगला थेट अर्ज करता येत नाही. आधी ह्युमन ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजी हे तीन विषय लॅबसकट पास व्हायचं. शिवाय इंग्लिश, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी वगैरे, कॉलेजागणिक एखादा कमीजास्त. या सगळ्यांना म्हणतात प्रीरेक्विझिट. त्यावर टीज नावाची परीक्षा. मग अर्ज आणि नंबर लागला तर दोन वर्षं नर्सिंग.

माझं मत आहे की हे सगळं एका वर्षात उरकावं. जानेवारीत ॲनाटॉमी आणि इंग्लिश, उन्हाळ्यात सहा आठवड्यांचं फिजिऑलॉजी, ऑगस्टपासून मायक्रो, स्टॅट्स आणि सायकॉलॉजी, डिसेंबरात टीज. दर सेमिस्टरला एकच विषय घेणाऱ्या बायका मी पाहते. तीन-तीन वर्षं "प्रीरेक्विझिट चालू आहेत" एवढंच त्यांचं चालू असतं. त्यात बऱ्याच कॉलेजांना सायन्सचे विषय पाच किंवा सात वर्षांच्या आतलेच लागतात, म्हणजे पहिला विषय पास झालात की घड्याळ सुरू.

चूक दिसत असेल तर सांगा. फक्त "झेपेल का गं तुला" नको, ते सासूबाईंनी विचारून झालंय.

रातराणी

झेपेल. पण फिजिऑलॉजी उन्हाळ्यात घेऊ नकोस. मी अकरा वर्षं आयसीयूत आहे, म्हणून अधिकाराने सांगते.

ॲनाटॉमी हा पाठांतराचा विषय. स्कॅपुला (खांद्याचं पातं) पाठ केला की झालं, तो काही रात्रीतून जागा बदलत नाही. फिजिऑलॉजी मात्र मुरावं लागतं, लोणच्यासारखं. साधं उदाहरण देते. हार्ट फेल्युअरचा पेशंट, दोन दिवस शिरेतून लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) चालू, लघवी भरपूर, सूज उतरलेली, सगळे खूश. पहाटेच्या रिपोर्टात, लघवीवाटे गेल्यामुळे, पोटॅशियम २.९, जे ३.५ च्या खाली असायला नको. आणि आठ वाजताच्या गोळ्यांमध्ये डिगॉक्सिन, हृदयाचं औषध. आता डिगॉक्सिन आणि पोटॅशियम पेशीवरच्या एकाच पंपाशी झोंबतात. पोटॅशियम कमी पडलं की डिगॉक्सिनला रान मोकळं, आणि तोच नेहमीचा डोस हृदयाचे ठोके बिघडवू शकतो. म्हणून गोळी हातात धरून आधी डॉक्टरला फोन. हे तुला नर्सिंगच्या वर्गात पुन्हा सविस्तर कोणी शिकवत बसत नाही. फार्माकॉलॉजीची बाई "सोडियम-पोटॅशियम पंप तुम्हाला माहीत आहेच" म्हणून पुढे जाते.

सहा आठवड्यांत तो पंप तुला परीक्षेपुरता कळेल.

हिशोबनीस

रातराणींना आकड्यांचं पाठबळ देतो. (मी नर्सिंगवाला नाही. बायकोचे प्रीरेक्विझिट झाले तेव्हा घरची एक्सेल शीट माझ्याकडे होती.)

चार युनिटचा (क्रेडिटचा) लॅबवाला विषय म्हणजे आठवड्याला साधारण तीन तास लेक्चर आणि तीन तास लॅब. सतरा आठवड्यांचे झाले १०२ तास. ते सहा आठवड्यांत कोंबले की आठवड्याला १७ तास नुसते वर्गात. लेक्चरच्या प्रत्येक तासामागे घरी दोन तास अभ्यास धरला तर आणखी १७. एकूण ३४. ही पूर्ण वेळ नोकरीच झाली, तीसुद्धा मुलांच्या सुट्टीत, जेव्हा दर चाळीस मिनिटांनी कोणाला तरी भूक लागते.

दुसरं म्हणजे वेगाला इथे मार्क नाहीत. ग्रेडला आहेत. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत बरीच वर्षं जे सूत्र वापरलं गेलं त्यात चारच गोष्टी होत्या: एकूण जीपीए (ग्रेडची सरासरी), इंग्लिशचा जीपीए, या तीन बायॉलॉजी विषयांचा जीपीए, आणि त्यातला कुठलाही विषय पुन्हा करावा लागला का. तो "पुन्हा" भोवतो. घाईत डी आला, रिपीट केला, ए मिळाला, तरी डाग राहतोच. हल्ली काही कॉलेजं गुण देऊन क्रम लावतात, काही सोडत काढतात. गुणांवर असेल तिथे बी वाल्यांची गर्दी दाराबाहेर असते.

मिरजकर

हे वाचून गंमत वाटली. मी इकडे महाराष्ट्रात नर्सिंग कॉलेजात शिकवतो. आमच्याकडे बारावीला पीसीबी आणि इंग्रजी, खुल्या गटाला ४५ टक्के, वर बीएस्सी नर्सिंगची सीईटी, की आली मुलगी वर्गात. पहिल्या सत्रातच अप्लाइड ॲनाटॉमी, अप्लाइड फिजिऑलॉजी, दुसऱ्यात बायोकेमिस्ट्री आणि आहारशास्त्र. मुलगी सकाळी फुप्फुस शिकते आणि दुपारी वॉर्डात दम्याच्या आजोबांना टेकून बसवते. दोन्ही एकत्र डोक्यात जातं.

तुमच्याकडे ती बिचारी दोन वर्षं हाडं आणि जंतू शिकणार, पेशंट एकही बघणार नाही, आणि शेवटी "जागा नाही" असं पत्र. हे कसलं नियोजन? विषय नर्सिंगच्या आत हवेत. केळफूल ताईंनी घाई केली तर त्यांची चूक नाही, रचनाच उलटी आहे.

हिशोबनीस

मिरजकर सर, रचना उलटी असेल, पण तिचं कारण सरळ आहे. शिकवायला प्राध्यापिका आणि क्लिनिकलसाठी हॉस्पिटलात जागा, दोन्ही अपुऱ्या. पात्र अर्जसुद्धा दरवर्षी हजारोंनी परत जातात. कोणाला घ्यायचं हे ठरवायला तुमच्याकडे एका दिवसाची सीईटी आहे. इथे हे विषय म्हणजेच सीईटी, फक्त दीड-दोन वर्षं चालणारी. आणि हे वर्ग नर्सिंगचे नसतातच. बायॉलॉजी विभागाचे असतात, शेजारच्या बाकावर फिजिओथेरपीवाला आणि डेंटल हायजीनवाली.

मिरजकर

म्हणजे गाळणी आहे, पाया नव्हे. मग रातराणींचं "मुरू द्या" कशाला? गाळणीतून लवकर निसटावं हेच शहाणपण.

रातराणी

सर, गाळणी कॉलेजसाठी. पेशंटसाठी पायाच आहे. आमच्या युनिटला केरळच्या, फिलिपिन्सच्या, तुमच्या सांगली-मिरजेकडच्याही सिस्टर आहेत, उत्तम आहेत, वॉर्डात शिकल्या म्हणूनच उत्तम आहेत हेही मान्य. पण केळफूलला ती सोय नाही ना. तिला वॉर्ड दोन वर्षांनी दिसणार, तोवर जे डोक्यात टिकेल तेच तिचं.

ओसरी

मी केळफूलच्या बाजूने. सगळे सावकाशीचे गोडवे गाताहेत, त्यांनी माझी गोष्ट ऐका.

मी अगदी सांगितल्याप्रमाणे केलं. एका सेमिस्टरला एक विषय. ॲनाटॉमीला ए. त्याची प्रॅक्टिकल परीक्षा आठवली की अजून पोटात गोळा येतो: टेबलांवर ओळीने हाडं मांडलेली, प्रत्येकावर रंगीत टिकली, एका टेबलापाशी एक मिनिट, टायमर वाजला की पुढे सरका. "हे काय" आणि "डावं की उजवं". स्पेलिंग चुकलं की मार्क कापले. मी फिब्युला (पायाचं हाड) घरच्या लाटण्यावर खुणा करून पाठ केला होता. मुलगी विचारायची, आई पोळ्या करतेस की ऑपरेशन.

मग फिजिऑलॉजी, ए. मग सासऱ्यांचं आजारपण, भारतात सहा महिने. मग मायक्रो. मग पहिला अर्ज, नाही. दुसरा, प्रतीक्षा यादी, नाही. तिसऱ्या वेळी अर्ज भरायला बसले तर त्या कॉलेजची अट पाच वर्षांची आणि माझी ॲनाटॉमी सव्वापाच वर्षांची. चाळीस-पन्नास हाडं मला झोपेत विचारा, पण कागदावर मला ॲनाटॉमी येत नाही!

पुन्हा केली. ए आला, त्याचा आनंद काय व्हायचा. तेव्हा ज्या विषयांना मुदत आहे ते शेवटी आणि एकत्र घ्या, ज्यांना नाही (इंग्लिश, सायकॉलॉजी) ते आधी. उन्हाळा तर उन्हाळा. ३४ तास काय, सहाच आठवडे आहेत. सासर काढलं तेवढ्यात फिजिऑलॉजी काय चीज आहे.

रातराणी

ओसरी, वाईट वाटलं वाचून. पण तुझं गणित अर्जांनी बिघडवलं. आणि दोन सेमिस्टरमध्ये तिन्ही विषय ए घेऊन झाले असते तर पाच वर्षांत पाच अर्ज बसले असते. मी तीन वर्षं घे म्हणतच नाहीये.

ओसरी

"ए घेऊन झाले असते तर." तुम्ही पास झालात त्या वर्षीची स्पर्धा आणि आजची एक नाही, ताई. आयसीयूच्या खिडकीतून रांग छोटी दिसते.

रातराणी

ही टोमणेबाजी अनावश्यक, पण मुद्दा बरोबर आहे. माझ्या वेळी बी ग्रेडवर मिळालं होतं.

चंबूगबाळं

भांडा सावकाश, मला एक व्यावहारिक सांगायचंय. विषय कधी घ्यायचे याआधी कुठे घ्यायचे ते बघा. आम्ही न्यू जर्सीत होतो. तिथे ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी वेगळे नसतात, 'ए अँड पी वन' आणि 'टू' असतात. वनमध्ये हाडं, स्नायू, मज्जासंस्था, दोन्ही अंगांनी. टूमध्ये हृदय, मूत्रपिंड वगैरे. मी वन केलं आणि नवऱ्याला सॅन होजेची नोकरी लागली. इथलं कॉलेज म्हणे, तुझ्याकडे अर्धी ॲनाटॉमी आहे आणि अर्धी फिजिऑलॉजी आहे, पूर्ण एकही नाही. झालं, शून्यापासून. एच-वन (नोकरीचा व्हिसा) वाल्या घरात सुरू केलेली जोडी मध्येच सोडू नये. बदलीची कुणकुण असेल तर दुसरा भाग घाईने उरका. इथे मी केळफूलच्या पक्षात, उन्हाळ्यासकट.

आणि केळफूल, तुझी बीएस्सी केमिस्ट्री. फिजिऑलॉजी आणि मायक्रोला बसायला बहुतेक ठिकाणी आधी केमिस्ट्री लागते. पुण्याच्या मार्कशीटवर ते आपोआप मानत नाहीत. विषयवार मूल्यांकन करून घ्यायचं, त्यासाठी विद्यापीठातून सीलबंद ट्रान्सस्क्रिप्ट, म्हणजे भावाला दोन-तीन खेटे. ते मूल्यांकन घेऊन कौन्सेलरकडे, मग विभागाकडे. जानेवारीचा वर्ग हवा असेल तर आत्ताच सुरू कर. जुनी केमिस्ट्री चालते का तेही विचार. १८ वर्षं झाली तिला, मतदानाचा हक्क मिळाला.

केळफूल

चंबूगबाळं, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं! भावाला आत्ताच मेसेज टाकला. त्याचं उत्तर: "परत?"

बाकीच्यांना: तुमचं सगळं वाचलं. पण तुम्ही दोन्हीकडचे लोक माझ्याकडे वर्षं आहेत असं धरून बोलताय. ४१ ला नर्सिंग सुरू, ४३ ला परवाना, की ४२ ला सुरू, ४४ ला? रातराणी ताई, तुमच्या दृष्टीने एक सेमिस्टर, माझ्या दृष्टीने ईएडीचं एक नूतनीकरण. ते हातात असतानाच नोकरी धरायची आहे मला. पैशांचा प्रश्न नाही. इथे वर्षाहून जास्त राहिलेय, तेव्हा ४६ डॉलर युनिट. चार युनिटचा विषय १८४ मध्ये. एवढी तर गेल्या दिवाळीत पैठणीची शिलाई आणि फॉल-पिको झाली.

हिशोबनीस

तुमच्या वेळापत्रकाचा शेवट न हलवता एक अदलाबदल सुचवू? उन्हाळ्यात स्टॅट्स आणि सायकॉलॉजी. दोन्हींना लॅब नाही, ऑनलाइन मिळतात. फिजिऑलॉजी ऑगस्टला मायक्रोबरोबर. दोन लॅब एकदम जड आहेत, पण १७ आठवडे मिळतात. तरीही डिसेंबरात सगळं संपतं. आणि टीज फिजिऑलॉजी ताजं असताना बसते, जे बरंच आहे: १७० प्रश्नांत ५० सायन्सचे, आणि त्यात शरीरशास्त्राचेच सर्वांत जास्त. ६२ ही बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांची किमान रेषा, पण गुणांची स्पर्धा असेल तर ८० च्या पुढे धरा.

ओसरी

फिजिऑलॉजी आणि मायक्रो एकत्र? आणि मग दोन्हीत बी. यापेक्षा उन्हाळ्यात एकटं फिजिऑलॉजी बरं. मायक्रोत शेवटचा महिना एक अनोळखी जंतू देतात हातात, ओळखा म्हणून. जंतू रंगवायच्या माझ्या पहिल्या स्टेनला अल्कोहोल चार सेकंद जास्त पडलं आणि जांभळा दिसायला हवा तो गुलाबी दिसला. आठवडाभर गुलाबी जंतूंच्या, म्हणजे चुकीच्या अर्ध्या यादीत शोधत बसले. त्या काळात मूत्रपिंडाचा नेफ्रॉन वाचायला कोणाला सुचतंय.

रातराणी

मी हिशोबनीसांच्या यादीवर सही करते. दोन लॅब वाईट, पण सहा आठवड्यांचं फिजिऑलॉजी त्याहून वाईट.

मिरजकर

आमच्या मुली पहिल्या सत्रात पाच-सहा विषय एकदम करतात, त्याचं कोणालाच कौतुक नाही.

केळफूल

कॉलेजची साइट उघडून बसले होते, दोन्ही बाजूंचं मोजत. उन्हाळ्याच्या फिजिऑलॉजीला गेल्या वर्षी एकच वर्ग होता, ३२ जागा, वेटलिस्ट पूर्ण भरलेली. माझा नोंदणीचा क्रम नवीन विद्यार्थी म्हणून सगळ्यात शेवटी. तर तूर्तास स्टॅट्स आणि सायकॉलॉजी उन्हाळ्यात. पण फिजिऑलॉजीच्या वेटलिस्टवरही नाव टाकणार आहे. मिळालं तर घेणार. ओसरी, थँक्स.

रातराणी

ऐकणार नाहीस तर नीट तरी कर. वेटलिस्टवर असलीस तरी पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बस, दारातल्या खुर्चीवर. काही लोक पहिल्या लॅबला येतच नाहीत. प्रोफेसर ॲड कोड (वर्गात नाव घालायचा नंबर) वाटतात तेव्हा समोर असशील तर मिळेल. आणि तो पोटॅशियमचा पंप आधीच वाचून जा.