जवळचं-लांबचं हा निकषच नाही

इंग्रजीत पुढे होणाऱ्या गोष्टीबद्दल बोलताना ‘लवकर होणार असेल तर गोइंग टू, लांबचं असेल तर विल’ हा नियम शाळेत आम्हाला घोकायला लावला होता, पण तो टिकत नाही. दाराची बेल वाजली की उठता उठता ‘आय विल गेट इट’च म्हणतात, याहून जवळचं काय असणार? उलट ‘आय ॲम गोइंग टू रिटायर इन 2040’ अगदी बरोबर. त्या क्षणी ठरवलं तर विल. आधीच ठरलेलं असेल किंवा काय होणार याची खूण समोर दिसत असेल, म्हणजे ढग दाटलेत आणि पाऊस येणार असं, तर गोइंग टू.

आणखी एक राहिलं. ‘व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम’ आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, कारण डोक्यात ‘तो येईल तेव्हा’ असतं. तिथे ‘व्हेन ही कम्स’ हवं. ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ मात्र चालतं, कारण तिथला व्हेन म्हणजे ‘कधी’.