तुघलकाची बाजू मांडायची आहे, काय वाचू?

सईची_आई: लेक नववीत आहे. वादविवाद स्पर्धेचा विषय 'मुहम्मद बिन तुघलक वेडा नव्हता', तिच्याकडे अनुकूल बाजू. मराठीत, सोपं, ३०० रुपयांच्या आत काही सुचवा. स्पर्धा रविवारी.

गडवेडा: पुस्तकं राहू द्या, दौलताबादला न्या. किल्ल्यातल्या अंधारीतून, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेतून वर चढलं की त्याने दिल्लीहून राजधानी इथे का आणली ते आपोआप कळतं. आम्ही वेरूळ-खुलताबाद धरून आठ हजारांत बसवलं.

सईची_आई: ३०० म्हटलं होतं हो मी.

जुनीनाणी: त्याचा तांब्याचा टंका, म्हणजे नाणं, हातात घेऊन बोलायला सांगा, परीक्षक गार. माझ्याकडे आहे. एक जाणकार बनावट म्हणाले, पण त्याच्या राज्यात बनावटच जास्त होते, त्यामुळे मी अस्सल धरतो.

शिळाप्रेस: मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, तिथून सुरुवात करा. राजधानी हलवल्यावर दिल्लीत कुत्रं-मांजरही उरलं नाही असं त्या काळचा इतिहासकार बरनी लिहितो. पण १३२७ आणि १३२८ चे संस्कृत शिलालेख दिल्ली परिसरातच मिळालेत, लोक तिथे नांदत होते. हलवले ते मुख्यतः अमीर-उमराव, उलेमा, सूफी. आंधळ्याला फरफटत नेलं नि दौलताबादला नुसता पाय पोचला, ही मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याची गोष्ट. हा गृहस्थ दिल्लीत आला १३३४ ला, राजधानी हलल्यानंतर. ऐकीव!

माजघर: दौलताबाद बघाच. आम्ही पण गेलो होतो. माकडांनी डबा पळवला.

ठाणेकर_काका: ऐकीव म्हणून सोडून देऊ नका. वाड्याच्या दाराशी प्रेतं पडलेली त्याने स्वतः पाहिली, आणि तो सुलतानाचाच काझी होता. बाकी सध्याच्या तुघलकी कारभाराबद्दल बोललो तर धागा उडेल.

शिळाप्रेस: काका, नको. नाण्यांचं घ्या, तांब्याचं नाणं चांदीच्या मोलाने चालवलं ते. चीनमध्ये कागदी चलन चालत होतं, कल्पना वेडी नव्हती. घरोघर पाडता येईल असं नाणं काढलं, तिथे घात झाला. पण योजना बुडाल्यावर खजिन्यातून सोनं-चांदी देऊन ती नाणी परत घेतली. असं किती राजे करतात?

वावर: शहरवाल्यांना राजधानी नि नाणी. दुआबाचं, गंगा-यमुनेमधल्या मुलखाचं कोण बोलणार? कर वाढवला, वर दुष्काळ. शेतकरी रानात पळाले तर शिकारीसारखं घेरून मारले.

शिळाप्रेस: तेही बरनीचंच. त्याचं बरन, म्हणजे आजचं बुलंदशहर, त्याच दुआबातलं. राग असणारच. पुढे विहिरींना, बियाण्याला तगाई दिली, तेही तोच सांगतो.

वावर: माणसं मारून तगाई. वा.

गडवेडा: पावसाळ्यात अंधारीत निसरडं असतं, बूट चांगले घ्या.

सईची_आई: सगळ्यांचे आभार. सईने दुआबाचं वाचलं आणि मैत्रिणीशी बाजू बदलून घेतली. आता प्रतिकूल बोलणार. 'वेडा असता तर सोडून दिला असता' म्हणते. खर्च शून्य.

शिळाप्रेस: एवढं टंकलं ते कशासाठी मग!

जुनीनाणी: टंका प्रतिकूललाही चालेल. पाठवू का? पोस्टखर्च तुमचा.