लेझरच्या भरवशावर राहू नका

महाराजांची राजमुद्रा टॅटू म्हणून गोंदवण्याच्या चर्चेत एकाने लिहिलंय, ‘टॅटू नाही आवडला तर काढायला लेझर आहेच की.’ इतकं सोपं नाही ते. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर फिकट होते, हिरवी-पिवळी फार चिवट. खेपा बऱ्याच, दोन खेपांत काही आठवड्यांचं अंतर, आणि एवढं करून डाग राहिला तर राहिला.

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी तर जागा आधी ठरवावी, डिझाइन नंतर. सैन्यात कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि पंजाची मागची बाजू, एवढ्याच ठिकाणी कायमचा टॅटू चालतो (आदिवासी उमेदवारांना परंपरेनुसार सवलत आहे). छातीवर राजमुद्रा गोंदवून मेडिकलला बाद व्हायचं, हे सांगितलंय कुणी?

त्यात राजमुद्रेची अक्षरं बारीक. शाई त्वचेत हळूहळू पसरते, मग ‘प्रतिपच्चंद्र’मधलं जोडाक्षर आणि वरचा अनुस्वार आधी बुजतो. अक्षर मोठंच घ्या. स्टेन्सिल (गोंदण्याआधी त्वचेवर उमटवतात तो डिझाइनचा कच्चा ठसा) उमटल्यावर मित्राला फोटो काढायला सांगा आणि ऱ्हस्व-दीर्घ स्वतः वाचा. आर्टिस्टला मराठी येत असेलच असं नाही.

नियमित रक्तदान करणाऱ्यांनी हेही धरून चाला: टॅटूनंतर 12 महिने रक्त देता येत नाही.